एक ओळ वर

शुक्रवारी दुपारी मी लॅबच्या मॅडमना सांगितलं की चूक माझ्या प्रोग्रामची नाही, फोनवर बसणाऱ्या मुलीची आहे. हे मी अंदाजाने बोललो नव्हतो. माझ्या हातात कागद होता आणि कागदावर आकडे होते. रविवार उजाडेपर्यंत त्याच आकड्यांनी मला धड बसू दिलं नाही.

मी घरी बसून छोटे प्रोग्राम लिहितो. पनवेलमध्ये आणि आसपास रक्त तपासणाऱ्या सात लॅब माझा प्रोग्राम वापरतात. त्यातली ही सगळ्यात जुनी, बाजारात एका भांड्यांच्या दुकानावर, बावीस पायऱ्या चढून. मॅडम स्वतः पॅथॉलॉजिस्ट. रक्त घेणारा एक टेक्निशियन आहे, बारा वर्षं तिथेच, बोलायला तिखट. आणि फोनवर ही मुलगी. मुलगी म्हणतो, पण वय बत्तीस. नेऱ्याहून रोज शेअर रिक्षाने येते. विसाव्या वर्षी तिची दृष्टी गेली. उजेड आहे की नाही एवढं कळतं, बाकी काही दिसत नाही.

तिचं काम साधं आणि जबाबदारीचं. गावाकडची माणसं रिपोर्ट न्यायला मुद्दाम येत नाहीत, रिक्षाचे पैसे घालवून एक कागद कोण आणणार? ती फोन करून विचारतात, "साखर किती आली?" म्हणून मॅडमनी नियमच करून टाकला होता. साखरेचा आकडा फोनवर सांगायचा, बाकी सगळं कागदावर. रिपोर्ट तयार झाला की आपणच फोन करायचा. दिवसाला साठ-सत्तर फोन होतात. चार वर्षं ते ती करत होती आणि चार वर्षांत तिच्याबद्दल एक तक्रार आली नव्हती.

तिच्या टेबलावर माउस नाही. माउसच्या जागी टेलिफोन असतो. समोर मॉनिटर आहे, पण तो बंद. डाव्या कानाला हेडफोन, त्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम बोलत असतो, इतक्या वेगाने की मला अर्धंही कळत नाही. उजव्या कानाला रिसीव्हर. बाणाची कळ दाबत ती यादीत खाली उतरते. हेडफोनमधला आवाज नाव, गाव, फोन नंबर सांगतो. ती नंबर फिरवते, पलीकडे कोणी उचललं की एंटर दाबते, रिपोर्ट उघडतो, आवाज आकडे वाचतो, ती साखर सांगते. मग एक कळ दाबून त्या माणसापुढे 'कळवलं' अशी खूण करते. गावी बोलते त्यापेक्षा फोनवरची तिची भाषा अगदी वेगळी, शाळेतल्या बाईंसारखी.

मग रोडपालीला मॅडमनी दुसरं केंद्र काढलं. तिथले रिपोर्ट इकडच्या यादीत आपोआप यावेत, असं त्या म्हणाल्या. तोपर्यंत यादी ताजी करायला एक कळ दाबावी लागायची. ती कळ मुलगी स्वतः दाबायची आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची. मी बदल केला. आता यादी दर मिनिटाला स्वतःच ताजी होणार आणि नवा रिपोर्ट सगळ्यात वर येऊन बसणार. मी प्रत्येक बदल एका वहीत लिहून ठेवतो. हा एकशे सतरावा. पुढे लिहिलंय: वीस वेळा तपासले, बरोबर.

त्यानंतरच्या आठ दिवसांत तीन तक्रारी आल्या.

बेलपाड्याच्या एका आजोबांना तिने साखर दोनशे शहाऐंशी सांगितली. आजोबा घाबरले, दुपारचं जेवले नाहीत, मुलाने उचलून दवाखान्यात नेलं. खरी साखर एकशे बारा होती. एका शाळामास्तरांना अठ्ठ्याण्णवच्या जागी एकशे चाळीस सांगितली. तिसरी तक्रार मात्र वाईट होती. रोडपालीच्या एका बाईंना चौऱ्याण्णव सांगितली. बाई खूश झाल्या, चार दिवस आंबे खाल्ले, आणि मग सहज केंद्रात कागद घ्यायला गेल्या तर कागदावर दोनशे एकतीस.

मॅडमनी मला बोलावलं. बेलपाड्याचा मुलगा जिन्यात उभा राहून जे बोलला होता ते त्यांच्या चेहऱ्यावर अजून होतं.

"मला एवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "मशीन चुकतंय की माणूस?"

मुलगी तिथेच होती. ती म्हणाली, "दादा, यादी हलते. मी हात नाय लावत, तरी हलते."

टेक्निशियन कापूस कापत होता. "भूकंप आला असंल."

"तुमी थट्टा करा. मी नंबर फिरवते एकाचा, उघडतं दुसऱ्याचं. मी हे पहिल्या दिवशीपण सांगितलं."

मी मॉनिटर चालू केला. म्हटलं, एका ओळीवर जा आणि काही करू नकोस. ती गेली. ओळीवर निळी पट्टी आली. दोन मिनिटं आम्ही तिघं उभं राहून बघत होतो. मधे रोडपालीहून एक नवा रिपोर्ट वर आला, सगळ्या ओळी एकेक खाली सरकल्या, आणि निळी पट्टी त्या माणसाबरोबर बरोबर खाली सरकली. ज्या नावावर होती त्याच नावावर.

"ही बघ, जागच्या जागी आहे," मी म्हणालो. ज्याला दिसत नाही त्याला 'बघ' म्हणालो, हे मला घरी गेल्यावर आठवलं.

मग मी बसलो आणि प्रोग्रामने ठेवलेली नोंद काढली. कुठल्या क्षणी कुठला रिपोर्ट उघडला, कोणापुढे खूण झाली, ते सगळं त्यात असतं. तिन्ही तक्रारी शोधल्या. खूण तिन्ही वेळा बरोबर माणसापुढे होती. पण उघडलेला रिपोर्ट आजोबांच्या वेळी यादीतल्या एक ओळ वरच्या माणसाचा होता. मास्तरांच्या वेळीही एक ओळ वरचा. बाईंच्या वेळी दोन ओळी वरचा.

मी कागदावर तीन ओळी लिहिल्या आणि मॅडमच्या खोलीत गेलो. "तिची ओळ चुकते," मी म्हणालो. "वरच्याचा रिपोर्ट उघडते, आकडा सांगते, मग खाली येऊन खूण करते. बाण एकदा जास्त दाबला जात असेल. आता यादी मोठी झाली आहे, घाई होते. प्रोग्राममध्ये चूक नाही, मी वीस वेळा तपासलाय."

मॅडम कागदाकडे बघत राहिल्या. "पहिल्या तारखेपासून दुसरी मुलगी बघते," त्या म्हणाल्या. "हिला वाईट वाटेल. पण फोनवर असं चालणार नाही."

मी पायऱ्या उतरलो. बावीस मोजल्या. खाली आल्यावर वाटलं एकवीसच मोजल्या, म्हणून परत वर बघितलं.

संध्याकाळी मी तळ्याभोवती तीन फेऱ्या मारतो. त्या दिवशी पाच झाल्या आणि तरी थांबावंसं वाटेना. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तीन चुका, आणि तिन्ही वर. हात घसरणारा माणूस कधी वर घसरेल, कधी खाली. तीनदा वरच पडायचं, तर ती शक्यता आठात एक. आठात एक म्हणजे काही फार दुर्मीळ नाही, होतं असं. पण ती यादीत खाली उतरत येते. खाली जाणारा माणूस चुकून एखादी कळ जास्त दाबेल तर खालीच जाईल ना? वर कसा जाईल? आणि दोन ओळी कशा? मी स्वतःला सांगितलं की हे तपासून झालंय. सहावी फेरी सुरू केली आणि अर्ध्यातून घरी आलो.

शनिवारी मॅडमचा फोन आला की मुलीला सांगितलं, आणि आजपासूनच घरी राहायला सांगितलं, उगाच आणखी एखादी चूक नको. मी "बरं" म्हणालो. दिवसभर मग मी एक काम घ्यायचो आणि सोडायचो. पंख्याचा रेग्युलेटर उघडला. सोसायटीच्या पाण्याच्या मीटरचे आकडे वहीत उतरवायला घेतले आणि दोनदा खाडाखोड केली. माझ्या वहीत खाडाखोड नसते.

बायको बघत होती. ती वाल सोलत होती, भिजवलेले वाल एकेक चिमटीत दाबून.

"गॅस तीनदा बंद करून आलात," ती म्हणाली. "काय झालंय?"

मी सांगितलं. कागदासकट सांगितलं.

"तिला विचारलंत का?"

"विचारलं. यादी हलते म्हणते."

"मग हलते का?"

"नाही गं. वीस वेळा बघितलं मी."

"बघितलंत," ती म्हणाली. "पण ती कुठे बघते?"

मी म्हणालो, यादी एकच असते, कोणीही बघितली तरी. ताटात वालाचा दाणा पडल्याचा आवाज येत राहिला. एकेक. मी नकळत ते मोजत होतो.

रविवारी सकाळी वही उघडली. एकशे सतरा: वीस वेळा तपासले. ते वीस वेळा मी कसं तपासलं होतं? डोळ्यांसमोर आणलं. उजवा हात माउसवर. एका ओळीवर क्लिक, थांबायचं, नवा रिपोर्ट आला की पट्टी कुठे आहे बघायचं, आणि पट्टीवर दोनदा क्लिक करून रिपोर्ट उघडायचा. वीसही वेळा तसंच. तिच्या टेबलावर माउस नाही. सोळा वर्षं मी ही यादी लिहितो, वाढवतो, दुरुस्त करतो, आणि एंटर दाबून तिच्यातला एकही रिपोर्ट मी कधी उघडला नव्हता.

माउसची वायर काढली आणि कपाटात ठेवली, हात सवयीने जाऊ नये म्हणून. शेजारी लॅपटॉप लावला, तो रोडपालीचं केंद्र. मोठ्या कॉम्प्युटरवरच्या यादीत बाणाने नवव्या ओळीवर उतरलो. लॅपटॉपवरून एक खोटा रिपोर्ट पाठवला. घड्याळाकडे बघत बसलो. मिनिट झालं, यादी ताजी झाली, माझा माणूस दहाव्या ओळीवर गेला आणि निळी पट्टी त्याच्याबरोबर दहाव्यावर गेली. बरोबर. एंटर दाबला.

नवव्या ओळीचा रिपोर्ट उघडला.

मी चष्मा पुसून पडद्याजवळ गेलो. निळी पट्टी दहाव्या ओळीवर होती. आणि नवव्या ओळीभोवती ठिपक्यांची एक चौकट होती, इतकी बारीक की आपल्याला ती असल्याचंच विसरायला होतं. दोन रिपोर्ट पाठवले. चौकट दोन ओळी वर राहिली. दहा वेळा केलं. दहापैकी दहा.

हे कसं झालं ते सांगण्यासाठी मला जरा मागे जावं लागेल. प्रोग्राम लिहायला लागण्याआधी मी तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होतो. मालाचं मोठं रजिस्टर असायचं. माल मोजताना आपण ज्या ओळीवर आहोत तिच्याखाली स्टीलची पट्टी ठेवायची, आणि जी वस्तू काढायची तिच्यापुढे लाल पेन्सिलीने खूण करायची. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टी म्हणजे मी आत्ता कुठे आहे. खूण म्हणजे मी काय निवडलंय. खुणा दहा असू शकतात, पट्टी एकच. जेवायला जाताना जोडीदाराला सांगायचं, "पान चाळीस, ओळ नऊ", आणि परत येऊन पट्टी तिथे ठेवायची. कागदावरची नववी ओळ आपण जेवून येईपर्यंत नववीच राहते.

कॉम्प्युटरच्या यादीतही तसंच आहे. निळी पट्टी म्हणजे लाल खूण, निवडलेली ओळ. ठिपक्यांची चौकट म्हणजे स्टीलची पट्टी. कळा तिचं ऐकतात. एंटर दाबला की तिच्यातलं उघडतं, आणि वाचून दाखवणारा आवाजही तीच वाचतो. फक्त 'कळवलं'ची खूण निळ्या पट्टीवरच्या नावापुढे पडते, म्हणून ती तिन्ही वेळा बरोबर पडली होती. यादी ताजी होताना प्रोग्राम जुन्या ओळी फेकून नव्या मांडतो, म्हणून दोन्ही पुन्हा जागेवर ठेवाव्या लागतात. सहा वर्षांपूर्वी कोणीतरी तक्रार केली होती की निळी पट्टी भलत्याच नावावर जाते. तेव्हा मी ती पेशंटच्या नंबरवरून शोधून ठेवायला लागलो. चौकट मात्र तशीच राहिली, ओळीच्या क्रमांकावर. पान चाळीस, ओळ नऊ. स्टोअरमधून सुटून पंचवीस वर्षं झाली तरी मी ती स्टीलची पट्टी तशीच ठेवत होतो, आणि आता खालचा कागद दर मिनिटाला सरकत होता.

तिला ते कळण्याची सोयही नव्हती. चौकट नवव्यावर होती, नवव्यावरच राहिली, म्हणून आवाज गप्प. आणि रिपोर्ट उघडल्यावर आवाज थेट आकड्यांपासून वाचायला लागतो, नाव सगळ्यात खाली. तसं मीच मांडलं होतं, जागा वाचवायला.

मग मी आठ दिवसांची सगळी नोंद काढली, नुसत्या तीन तक्रारींची नाही. नको तो रिपोर्ट एकोणीस वेळा उघडला होता. एकोणीसच्या एकोणीस वेळा वरचा. एकदाही खालचा नाही. योगायोगाने असं व्हायचं तर पाच लाखांत एकदा. यातल्या आठ वेळा वरच्या माणसाच्या रिपोर्टात साखरच नव्हती, म्हणून तिच्या लक्षात आलं होतं. तिने तो बंद करून, वरून पुन्हा ओळी मोजत येऊन, बरोबरचा उघडला होता. उरलेल्या अकरा वेळा साखर होती आणि तिने ती सांगितली होती. अकरापैकी तिघांनी तक्रार केली. आठ माणसं पनवेलच्या आसपास कुठेतरी दुसऱ्याची साखर आपली समजून जेवत होती.

लॅब रविवारी बारापर्यंत उघडी असते. मी पोचलो तेव्हा सव्वाअकरा. टेक्निशियन फोनवर होता, कोणाला तरी "आज आकडा मिळणार नाही, कागदच घेऊन जा" असं सांगत होता. मॅडमच्या खोलीत मी उभ्यानेच बोललो.

"चूक प्रोग्रामची आहे. माझी आहे. ती बरोबर सांगत होती."

मॅडमनी ड्रॉवरमधून माझा शुक्रवारचा कागद काढला. "हे काय होतं मग?"

"आकडे बरोबर आहेत. मी वाचले चुकीचे."

मी नवा कागद पुढे केला. एकोणीस, आठ, अकरा. त्यांनी तो शांतपणे वाचला, चष्मा काढला, परत लावला.

"मी काल तिला काय बोलले माहितीये? म्हटलं, तुला झेपत नसेल तर कबूल करायला हवं होतंस. ती म्हणाली, मॅडम, मला झेपतं, यादीला झेपत नाय. मला वाटलं उलट बोलतेय."

दारात टेक्निशियन येऊन उभा होता. "म्हणजे भूकंप खराच होता," तो म्हणाला. पण या वेळी हळू, आणि लगेच परत गेला.

"तिला बोलवा," मॅडम म्हणाल्या. "पण मी फोन करणार नाही. ज्याने ओळ चुकवली त्याने जायचं."

फोन मी केला, दोनदा. तिने उचलला नाही. मग स्कूटर काढली. नेऱ्याचा रस्ता मला पाठ आहे, पण त्या दिवशी मी मैलाचे दगड बघत गेलो. दुपारचं ऊन डोंगरावरून परतून अंगावर येत होतं. तिचं घर विचारायला लागलं नाही. रस्त्यालगतच्याच ओटीवर ती बसली होती, पुढ्यात सूप, तांदूळ निवडत होती. खडा बोटाला लागला की काढून डाव्या बाजूला. तिच्या आईने पाणी आणून दिलं आणि आत न जाता दाराला टेकून उभी राहिली.

मी सगळं सांगितलं. चौकट, निळी पट्टी, वरचा रिपोर्ट. ती निवडत राहिली.

"मॅडमना सांगितलं?"

"सांगितलं. चूक माझी म्हणून."

"आन शुक्रवारी काय सांगितलं होतं?"

मी पाण्याचा घोट घेतला.

"तिची ओळ चुकते," ती माझ्याच आवाजाच्या चालीत म्हणाली. "दार उघडं होतं, दादा. मला दिसत नाय, ऐकू येतं. मी तुमाला तीन वेळा सांगितलं, यादी हलते."

"दोन वेळा," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

तिचा हात थांबला. आईने माझ्याकडे असं बघितलं की पाणी परत मागेल की काय. मग मुलगी हसली, मोठ्याने. "आये, बघ! मोजलं! घरी येऊन माफी मागतात, आन मोजतात!"

"पहिल्या दिवशी एकदा," मी खालमानेने म्हणालो, "आणि शुक्रवारी एकदा."

"शुक्रवारी तुमी पायऱ्या उतरत होतात तवा पाठून पण सांगितलं. तुमी आकडे पुटपुटत होतात."

"बरं, तीनदा," मी कबूल केलं.

तिने सूप बाजूला ठेवलं. "येते मी. उद्या येते. पण तीन गोष्टी. रिपोर्ट उघडला की आदी नाव, मग आकडा. यादी हलली तर मला सांगायचं, गुपचूप नाय हलायचं. आन तिसरं, तुमी माज्या खुर्चीत बसायचं, पडदा बंद करून. त्या अकरा लोकांना फोन मी करते, यादी तुमी चालवा. मग मला कळंल नीट झालं का नाय."

उरलेला रविवार मी माउस कपाटातच ठेवून काम केलं. चौकटही आता पेशंटच्या नंबरवरून शोधायची. तो पेशंट यादीत नसेलच तर जवळच्या ओळीवर ठेवायची, आणि आवाजाला तसं बोलायला लावायचं. नाव वर आणलं. वहीत एकशे अठरा, एकशे एकोणीस, एकशे वीस. तपासण्याच्या रकान्यात मी काही लिहिलं नाही.

सोमवारी साडेआठला मी तिच्या खुर्चीत बसलो. ती शेजारी स्टुलावर, रिसीव्हर हातात. हेडफोनच्या जागी स्पीकर लावला, दोघांना ऐकू यावं म्हणून. मॉनिटर बंद. काळी काच समोर असली की माणूस तिच्याकडेच बघत राहतो. कुठे आहे मी? वरून कितवा? हात सारखा उजवीकडे जायचा आणि टेलिफोनला लागायचा.

"बाण दाबा ना," ती म्हणाली. "घाबरता काय? यादी चावत नाय."

तिचा वाचून दाखवणारा प्रोग्राम इतका भरभर बोलत होता की तिने वेग अर्ध्यावर आणला. "तुमच्यासाठी," असं म्हणाली. टेक्निशियनने तिकडून विचारलं, "बालवाडी सुरू झाली का?"

पहिले दोन फोन नीट झाले. तिसऱ्याआधी मी एक चाचणीची खोटी ओळ काढून टाकली, ती यादीतली शेवटची होती. आणि आवाज बंद पडला. बाण दाबला, काही नाही. पुन्हा दाबला, काही नाही. चौकट त्या ओळीबरोबरच नाहीशी झाली होती, कुठल्याच ओळीवर नव्हती. जवळची ओळ म्हणजे खालची, असं मी धरलं होतं, आणि शेवटच्या ओळीला खालची नसते.

"हे पण," ती म्हणाली. "हे नेहमी होतं. मी मग यादी बंद करून परत उघडते. मला वाटलं असंच असतं."

किती वर्षं, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. चार. मी लॅपटॉप काढून तिथेच बसून ते दुरुस्त केलं. पंचवीस मिनिटं लागली. मग पुन्हा पहिल्यापासून.

तक्रार न केलेल्या आठ लोकांपैकी सात जणांचा फारसा फरक नव्हता, आकडा पाच-दहाने इकडे-तिकडे. आठवे खारघरचे एक गृहस्थ, त्यांना कमी सांगितली होती, खरी बरीच जास्त निघाली. तिने फोन थेट मॅडमकडे दिला. मॅडम दार लावून बराच वेळ बोलल्या. मी तोपर्यंत कळांवरची बोटं उचलली नाहीत. रोडपालीच्या बाईंनी फोन उचलून "आता आणखी काय?" एवढंच विचारलं. मास्तरांनी माझं नाव लिहून घेतलं.

शेवटचे बेलपाड्याचे आजोबा. मी बाणाने उतरलो. ती नंबर फिरवत असतानाच स्पीकर म्हणाला, "यादीत एक नवीन. तुमची ओळ आता बारा." आणि लगेच आजोबांचं नाव वाचलं. मी एंटर दाबला. आधी नाव. मग आकडा.

"आजोबा, लॅबमधून बोलतेय. तुमची साखर एकशे बारा आहे. मागे चुकीची सांगितली गेली, त्याबद्दल माफी मागायला फोन केलाय."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "तूच का ती? त्या दिवशीची?"

"हो, मीच."

"मला वाटलं तुला काढली."

"नाही आजोबा. आहे मी."

"बरं केलं. मग मला सांग, ती दोनशे शहाऐंशी कोणाची होती?"

"ते नाही सांगता येणार."

"बेलपाड्याचाच हाय काय कोण?"

"आजोबा, जेवा आता."

तिने रिसीव्हर ठेवला. मी 'कळवलं'ची कळ दाबली, आवाजाने ते म्हटलं. खाली रस्त्यावर भांडीवाला शटर वर करत होता. बाकीच्या सहा लॅबमध्ये हीच यादी चालू होती, दर मिनिटाला ताजी होत, आणि तिथे फोनवर कोण बसतं हे मला माहीतसुद्धा नव्हतं. मी मनात तिथे जायचा क्रम लावायला लागलो, आधी कळंबोली, मग खांदा कॉलनी.

"दादा," ती म्हणाली. ती स्टुलावरून उठून माझ्या मागे उभी होती. "उठा आता. माजी खुर्ची."

मी उठलो. जाता जाता सवयीने माझा हात मॉनिटरच्या बटणाकडे गेला. तो मी मागे घेतला.